एकटीला भोपळा कशाला?

एकट्या बाईनं शिराळं लावावं, भोपळा लावू नये. मिरगाच्या आधी आमच्या वाडीतल्या पाच जणींनी मला हे पाच वेळा ऐकवलं. नवरा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मुलगा-सून मुंबईला, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या या घरात मी एकटी. शिराळं एक तोडलं की एका माणसाची भाजी होते, सालींची चटणी दुसऱ्या दिवशी पुरते. भोपळ्याला खाणारी तोंडं लागतात. आणि तो कापायला घरात पुरुष लागतो.

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाई कोयता लावत नाही. अख्खा भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं मानतात. बाईनं कापला तर थोरल्याच्या जिवावर बेततं. पुरुषानं एकदा दोन भाग केले, की पुढं आम्ही चिरा, शिजवा, वाढा, त्याला कुणाची ना नाही. आता आमची वाडी अकरा घरांची. पुरुष कामाला मुंबईत; गणपती, दिवाळी आणि शिमगा सोडला तर कोयता उचलेल असा कुणी सापडायचा नाही. एकदा खांबावरचं काम करायला वायरमन आला होता. तो खाली उतरल्यावर बायकांनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग तीन भोपळे त्याच्या पुढ्यात ठेवले. बिचाऱ्यानं मुकाट्यानं कापून दिले.

मला राग आला तो त्या 'एकट्या'चा. एकट्या बाईनं थोडं शिजवावं, थोडं बोलावं, आणि मुलगा म्हणेल तेव्हा बोचकं बांधून निघावं. मी दोन्ही बिया लावल्या. शिराळं न्हाणीच्या मागं मांडवावर आणि भोपळा उकिरड्याच्या कडेला. शिराळ्याची बी शेजारच्या मोठ्या जावेनं दिली. भोपळ्याची मी पोलादपूरच्या बाजारातून आणली, तिला न विचारता.

शिराळं गुणी, हे मी नाकारत नाही. जागा कमी घेतं, मांडव सोडून कुठं जात नाही, श्रावणात रोज एखाददुसरं हाताला लागतं. पण त्याचा हट्ट असा की आज तोडा, आजच खा. चार दिवस दुर्लक्ष झालं तर आत नुसती जाळी, मग बसा त्यानं भांडी घाशीत. भोपळ्याला शिस्त माहीत नाही. तो उकिरड्यावरून पडवीवर चढला, पडवीवरून कौलांवर, तिथून जावेच्या कुंपणात शिरला. त्यावरून आमचं दोन दिवस वाजलं. पण पिकला की तो सहा महिने तसाच राहतो. वाट बघायची ताकद त्याच्यात आहे, शिराळ्यात नाही. मला तेव्हा नेमकी तीच हवी होती.

पावसाच्या झोडीत मधमाश्या फिरकेनात. भोपळ्याच्या मादी फुलाखाली सुपारीएवढं फळ धरायचं, पिवळं पडायचं आणि गळून जायचं. मग मी सकाळी उठून नराचं फूल तोडायची आणि त्याचा पराग मादी फुलाला लावायची. जाऊ कुंपणापलीकडून बघत होती. फुलांची लग्नं लावतेस काय गो, म्हणाली आणि हसली. मग विधवेला आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं जीभ चावली. मी म्हटलं, लावते, आणि मुहूर्तही मीच काढते. तीन भोपळे धरले.

गणपतीला मुलगा आला. भोपळे अजून हिरवे होते. त्यानं घरभर नजर फिरवली, गळक्या कौलाखाली पातेलं ठेवलं आणि जेवताना विषय काढला. म्हाळाला, म्हणजे बापाच्या पितरांच्या जेवणाला, तो येणार होता. तेव्हाच घराला कुलूप लावायचं आणि मी त्याच्याबरोबर निघायचं. रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. मायेनंच बोलत होता पोरगा. पण मी येते का, हे त्यानं विचारलं नाही. मी गप्प राहिले आणि तो त्याला होकार समजला.

म्हाळाच्या दिवशी तो पहाटे पोचायचा होता. सकाळी आठला फोन आला की गाडी घाटाच्या अलीकडे अडकली आहे, दरड आली आहे, पाऊस थांबत नाही. मग फोन लागेना. इकडे वडे, खीर, अळू, शिराळं सगळं तयार आणि भोपळा पाटावर अख्खा. म्हाळाच्या पानावर भोपळ्याची भाजी लागतेच. नवऱ्याला ती आवडायची, हे वेगळंच. आदल्या वर्षी मी बाजारातून कापलेली फोड आणली होती. ती कुणी कापली, ते कुणी विचारलं नव्हतं.

जाऊ म्हणाली, वरच्या घरातल्या म्हाताऱ्याकडे ने, त्याचा हात कोयत्याला लाव. म्हातारा चार महिने अंथरुणाला खिळलेला, त्याला भोपळा आणि उशी यांतला फरक कळत नव्हता. मी नको म्हटलं आणि कोयता उचलला. मग तिनं माझं मनगट धरलं. "पोर रस्त्यात हाय तुझं. आजच्या दिवशी तरी नको गो."

इथं मी शूर होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि फांदी मोडली की सगळं गाव कावळ्याकडेच बोट दाखवतं. पोराला नुसतं खरचटलं असतं तरी जन्मभर ते माझ्या हाताचंच ठरलं असतं. माझंही मन तेच म्हणालं असतं. पण कोयता खाली ठेवला असता, तर पुरुषाशिवाय या घरात साधी भाजीही होत नाही, हे मी स्वतःच कबूल केल्यासारखं झालं असतं. मग कुलूप लावायला मी हरकत काय घेणार? मी मनगट सोडवलं आणि कोयता घातला. पहिला घाव सरकला, दुसरा बसला. आत पिवळाधमक निघाला.

जाऊ उठून आपल्या घरी गेली. मी भाजी केली, गूळ घातला, आणि बारा टळायच्या आत कावळ्याचं पान मीच पडवीबाहेर ठेवलं. कावळ्यानं कुणी कापला ते विचारलं नाही. त्यानंतरचे तीन तास मात्र मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. दर पाच मिनिटांनी फोन लावत होते. नवस बोलले, आणि बोलताना स्वतःला शिव्याही घातल्या.

तीनच्या सुमाराला तो आला, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. दरडीच्या पलीकडून चालत आला होता. मी त्याला जवळ घेतलं आणि रडले, ते लपवलं नाही. तो जेवायला बसला. भोपळ्याची भाजी बघून हात थांबला. "कुणी कापला?"

"मी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पानाकडं बघितलं. मग विचारलं, "आणि मी पोचलोच नसतो तर?"

"तर तुझ्या बापाचं पान मी वाढलं असतं. वाढलंच होतं. मी कुठं येत नाही, बाळा. तू येत जा."

त्यानं भाजी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी शिडी लावून गळकी कौलं सारखी केली. दुसऱ्या दिवशी दरड हटली, तशी सकाळच्या एस.टी.नं तो एकटाच परत गेला, पिशवीत भोपळ्याची एक मोठी फोड घेऊन. बाकीच्या मी वाडीत वाटल्या. दोघींनी घेतल्या नाहीत. मी आग्रह केला नाही.

जाऊ दुपारी आली. तिच्या कुंपणात वाढलेला भोपळा तिनं कडेवर घेतला होता. तो ती दिवाळीला नवरा आणि मुलगे येतील तेव्हा कापायला ठेवणार होती. त्यातले कुणी यंदा येणार नाहीत, असा सकाळी निरोप आला होता. कोयता कुठं आहे म्हणाली. मी आणला आणि कापायला खाली बसले, तर तिनं माझा हात बाजूला सारला. कमरेचा फोन काढून थोरल्या मुलाला लावला आणि तो उचलेपर्यंत उभी राहिली.

"बरा हायस ना रे? काय नाय, असंच." तिनं फोन ठेवला आणि कोयता उचलला.