सुमीच्या डाव्या किडनीचा ताना

तवा डॉक्टरच्या टेबलापाशी आमी पाच जन होतो. डॉक्टर, माह्ये मालक, सासूबाई, मी, अन् माह्या मांडीवर चार वर्साची सुमी.

तीन महिन्यांपासून सुमीले थंडी वाजून ताप ये, लघवी गढूळ होय. म्हून सीताबर्डीले नेऊन, शिरेत दवा सोडून एक्सरे काढला होता. डॉक्टरनं तो उजेडावर धरला. म्हने, "डावी किडनी डिसप्लास्टिक आहे. म्हणजे पोटात असतानाच नीट बनली नाही."

सासूबाई म्हने, "मी म्हनलं नोतं? पोट घेऊन मागावर बसे! पायानं मागाच्या पावड्या मारू मारू पोरीचं वाटोळं केलं."

मी मनात म्हनलं, इनकराच्या घरात मागावर नाही बसनार तर कुठं बसनार?

डॉक्टरनं समजावलं. "किडनीत बारीक नळ्या असतात. त्यांच्या मधात आधाराचं मांस असते, त्याला स्ट्रोमा म्हणतात. नळीनं कुठं फुटायचं, कुठं थांबायचं, हे त्याच्यावरही असते. हिचं तेच बिघडलं. नळ्यांच्या पाण्याच्या थैल्या झाल्या. किडनी काढावी लागेल."

मले वाटलं, समजलं. मागावर तान्याचा उभा धागा तुटला तर आमी बोटाले राख लावतो, पीळ देतो, जोडतो. मी म्हनलं, "काढू नका, जोडून द्या." मालकालेही आपरेशनच्या कागदावर सही करू दिली नाही. पोरीले घरी आनलं.

पंधराव्या दिवशी सुमी तापानं डोळे फिरवू लागली. तशीच उचलून नेली.

डॉक्टर रागावले नाही. म्हने, "बाई, धागा तुटला तर जोडता. तानाच चुकीचा लागला असेल तर?"

"कापून उतरवतो," मी म्हनलं.

"मग?"

मी कागदावर अंगठा उठवला. म्हनलं, "अन् उजवी?"

"उजवी चांगली आहे. आताही दोघींचं काम तीच करून राहिली." मंग सासूबाईकडं वळून म्हने, "आजी, हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बिघडते. तेव्हा पोट तरी दिसते का? मागाचा काही संबंध नाही."

 आपरेशन झाल्यावर वार्डात आठ दिवस सुमीच्या उशाशी सासूबाईच बसल्या. मले म्हने, "तू जाय वं, जेवून घे."

सुमी आता दोन लेकराईची माय आहे. एकाच किडनीवर.

वाचनाऱ्याईले माह्यं मागनं एवढंच. लेकराले घडीघडी ताप आला तर लघवी तपासून घ्या. डॉक्टर किडनी काढा म्हनन तर माह्यावानी पंधरा दिवस घालवू नका. अन् त्याच्या मायले, तू काय केलं होतं, असं विचारू नका.