दोन कुलुपांची ट्रंक आणि पणजीची बोट

कचेरीत किस्से कागदांसारखेच जमतात. पण कागदांना निदान मुदत असते. ती संपली की रेकॉर्ड रूममधले गठ्ठे काढून जाळता तरी येतात. किस्से कोणी जाळत नाही. उलट दर वर्षी त्यांना नवी पुरवणी जोडली जाते!

आमच्या बोटीच्या प्रवासाचं असंच झालं. तहसील कचेरीतले तीन कारकून एकदा मुंबईहून पणजीला आगबोटीनं गेले, एवढीच मूळ गोष्ट. पण बुलढाणा जिल्ह्यात बोटीत बसलेला माणूस तेव्हा शोधून सापडत नसे. त्यामुळे आजही ओळखीत कोणी बोटीनं निघालं की माझ्याकडे येतं. "बोटीवर खायचं काय? पथारी कुठं टाकायची? पोटात ढवळलं तर काय?" मी सल्ला फुकट देतो. त्याबदल्यात किस्से ऐकून घ्यावे लागतात.

* * *

नाना आमचे हेडक्लार्क. त्यांच्या मुलीसाठी, सुशीलेसाठी, सोनाळ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मनोहर सरकारी कारकून. गोवा नुकतंच आपलं झालं होतं आणि तिकडे कारकून कमी पडले म्हणून त्याला पणजीला पाठवलेलं. सुशीलेनं आधीची दोन स्थळं नाकारली होती. या मुलाला एका लग्नात पाहिल्यावर मात्र तिनं सरळ "हाव" म्हटलं. नानांना तेवढ्यानंच संशय आला.

"वर्षभर पोरगा समुद्राच्या काठी राहून राह्यला," नाना म्हणाले. "मासे खात असंन. पीत बी असंन. सोताच्या डोयानं पाह्यल्याशिवाय मी पोरगी देनार नाही!"

त्यांनी फुलस्केपवर प्रश्नावली केली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तराचा रकाना. पहिला प्रश्न, मासे खातो काय? दुसरा, मद्य घेतो काय? असे अकरा. ज्या रकान्यात कळवण्यासारखं काही नसतं तिथं 'निरंक' लिहायचं ही कचेरीची रीत. अकराही रकाने निरंक आले तरच लग्न!

सोबत खजिन्याचे कारकून गुलाबराव निघाले. ते डोणगावचे आणि मुलाच्या मामाचे दोस्त. तिसरा मी. मी वाचनालयातून पुस्तकं आणतो, त्यात एखाद्यात तरी समुद्र आलाच असेल, म्हणून जाणकार समजून मला घेण्यात आलं.

निघायच्या आदल्या दिवशी सुशीलेनं मला दारातच गाठलं.

"वामनकाका, नानाले पोटभर जेवू घालजा. उपाशी असले की ते सगळ्यालेच नाही म्हनतात."

बोटीबद्दल मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला हाच. पुढं तो मी तीन तहसीलदारांवर वापरून पाहिला. कधी फसला नाही!

* * *

बोटीवरचं पाणी समुद्रातूनच काढतात आणि कसलीशी पूड टाकून गोड करतात, असं नानांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून गुलाबरावांनी डोणगावच्या विहिरीचं पाणी डालड्याच्या मोठ्या डब्यात भरून घेतलं. मलकापूरला गाडीत चढताना त्यातलं निम्मं माझ्या सतरंजीच्या वळकटीनं पिऊन टाकलं.

बोटीवर गेलो तर समोरच नळ, आणि वर पाटी, 'पिण्याचे पाणी'.

मी म्हटलं, "नाना, लिहिलेलं आहे."

नाना म्हणाले, "आपल्या कचेरीत 'शांतता राखा' लिहून हाय. कोनी राखते?"

* * *

आता ट्रंकेविषयी.

रेल्वेपुरतं जेवण वेगळ्या गाठोड्यात होतं. बोटीवरचं सगळं एका लोखंडी ट्रंकेत भरलेलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, बेसनाचे लाडू, तिघांची पांघरुणं, आणि मुलाला भेटताना घालायचा नानांचा काळा कोट. नानांना बोटीवरच्या चोरांचा जितका संशय होता, त्याहून जास्त लाडवांच्या बाबतीत गुलाबरावांचा होता. गुलाबरावांनाही नानांचा भरवसा नव्हता.

शेवटी निघण्यापूर्वी नानांच्या घरीच ट्रंकेला खजिन्याचा नियम लावला. सरकारी खजिन्याला दोन कुलपं असतात, दोन चाव्या दोन माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय तो उघडत नाही. नानांनी आपलं कुलूप लावलं, गुलाबरावांनी आपलं. उघडताना साक्षीदार मी.

सुशीला म्हणाली, "आन् भूक लागली तर काय अर्ज करनार का?"

तिघंही हसलो. पोरीच्या जातीला खजिन्यातलं काय कळणार!

* * *

बोटीवर पाय ठेवताच जागा धरावी, हा सल्ला तुम्हाला कोणीही देईल. हमालानं आम्हाला डेकच्या मध्यावर, आडोशाची जागा दाखवली. "इथं बसा. बोट इथं कमी हलते, वारा लागत नाय."

नानांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हा एवढा आग्रह काऊन करते? याचा काहीतरी मतलब असंन."

आणि त्यांनी कठड्याजवळची ऐसपैस मोकळी जागा पसंत केली. सगळे लोक दाटीवाटीनं मध्ये बसले होते आणि इकडे कोणी फिरकत नव्हतं. नाना खूश! "लोकाइले अक्कल नसते पाहा."

बोट सुटली. तासाभरात कळलं की आमच्या मागची जाळी बोटीच्या मुदपाकखान्याची होती. तळलेल्या माशांचा वास थेट आमच्या सतरंजीवर उतरू लागला. नानांनी उपरणं नाकाला लावलं.

गुलाबराव म्हणाले, "नाना, नाकाले बी दोन कुलपं लावता का?"

* * *

बोट लागू नये म्हणून काय करावं, याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं. एकजण लिंबू चोखा म्हणतो, दुसरा आडवे व्हा म्हणतो. नानांच्या मते पोट रिकामं ठेवायचं. म्हणून चार वाजेपर्यंत ट्रंक उघडायची नाही, असा हुकूम निघाला.

गुलाबराव कुत्सित हसले. कापसाचा बोजा एकटा पाठीवर घेणारा माणूस तो. "मले काय होते! हे तं नुसतं पानी हाय." 

अलिबाग मागं पडलं आणि गुलाबराव कठड्याला जे चिकटले ते दोन तास सुटले नाहीत. शेजारच्या एका कोकणी म्हातारीनं त्यांना आल्याचा तुकडा दिला. नाना म्हणाले, "ओळखपायख नाही, आन् फुकट देऊन राह्यली. गुलाबराव, घेऊ नका!"

गुलाबरावांनी आलं तोंडात टाकलं आणि अर्ध्या तासात उठून बसले. नाना म्हणाले, "आता रात्रीपर्यंत काय होते ते पाहा."

* * *

चार वाजले. नानांनी जानव्याला बांधलेली आपली चावी सोडली आणि आपलं कुलूप काढलं. मी साक्षीदार म्हणून पुढं सरकलो. गुलाबरावांनी कडदोऱ्याला हात घातला. मग दुसऱ्या बाजूला घातला. मग बंडीचे खिसे, पिशवी, टोपीसुद्धा झटकली.

आणि एकदम त्यांचा चेहरा बोट लागली होती त्याहून वाईट झाला.

"नाना, चावी चार्जमधी गेली."

झालं असं, की ट्रंकेला कुलूप लावल्यावर गुलाबरावांनी ती चावी नेहमीच्या जुडग्यात अडकवली. मग रजेवर जायचं म्हणून कचेरीत गेले आणि नियमाप्रमाणे जुडगं बदली कारकुनाच्या हवाली केलं. रीतसर, लेखी, सहीनिशी!

"पन पावती हाय ना माह्यापाशी," गुलाबराव म्हणाले, आणि खरंच पावती काढून दाखवली.

नानांनी चष्मा लावून वाचली. "चाव्या नग नऊ. खजिन्याच्या तं आठच हायत."

"तेच तं. नववी दशम्याची."

चारशे मैलांवर, आमच्या खजिन्यात, दशम्यांची चावी सरकारी बंदोबस्तात सुरक्षित होती!

* * *

मी एका खलाशाला बोलावून आणलं. त्यानं कुलूप पाहिलं आणि म्हणाला, "पहार आणतो. एका दणक्यात उडवतो."

नानांनी ट्रंकेवर हात ठेवला. "याले कुलूप फोडायची इतकी सवय कशी?"

"नाना, दशम्या आत आहेत," मी म्हटलं.

"कोट बी आत हाय. कुलूप फुटलं की रातभर ट्रंक उघडी! अन् ह्याले समजलं आत काय हाय ते. नाही. पणजीले पाहू."

खलाशी खांदे उडवून गेला. मी गुलाबरावांकडे पाहिलं, गुलाबरावांनी समुद्राकडे. मला सारखी सुशीला आठवत होती. सकाळी पणजीच्या धक्क्यावर मनोहर उभा असणार. त्याच्या पुढ्यात हे गृहस्थ अकरा प्रश्न आणि रिकामं पोट घेऊन उतरणार. लग्न तिथंच मोडणार, कागदोपत्री!

* * *

सूर्य बुडायला आला तसा वारा सुटला. पांघरुणं ट्रंकेत. नाना उपरण्यात गुडघे घेऊन बसले होते आणि मुदपाकखान्याकडे पाहायचं नाही असं ठरवून तिकडेच पाहत होते.

मी कँटीनवाल्याला घेऊन आलो. तो मालवणकडचा, सडपातळ, खांद्यावर फडका. नानांनी लगेच जबानी घ्यायला सुरुवात केली.

"तेल कोन्तं?"

"खोबरेल."

"ते तं आमी डोक्याले लावतो!"

"आमी दोन्ही ठिकाणी लावतो," तो म्हणाला.

"शाकाहारी भांडी वेगळी हायत?"

"भांडी वेगळी."

"आन् पळी?"

त्यानं फडका या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. "पळी धुतो."

नानांनी मान हलवली. जबाब संपला, आरोपी दोषी. त्यांना नुसता चहासुद्धा नको होता, कारण दूध कोणत्या जनावराचं हे त्या माणसाला सांगता आलं नव्हतं.

गुलाबराव मात्र आत जाऊन तळलेल्या सुरमईचे दोन तुकडे आणि भात खाऊन आले. घरीही ते मटण खाणारेच; त्यांना कोणी मुलगी द्यायची राहिली नव्हती. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "नाना, समुद्रानं दुपारी माह्यापासून घेतलं ते सगळं वापस केलं!"

* * *

शेवटी मी एकटाच कँटीनमध्ये गेलो आणि एक भात, एक आमटी घेऊन आलो. मी डाळीची आमटी मागितली होती, हे आजही शपथेवर सांगायला तयार आहे. गर्दी होती, आणि मालवणी माणसानं काय ऐकलं त्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही.

ताट नानांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "सुशीलेनं सांगितलंय. पोटभर जेवायला घालजा म्हणून."

पोरीचं नाव ऐकून नानांनी ताट ओढलं. आधी भाताचं एक शीत चाखलं. मग आमटीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग आमटी सगळीच भातावर ओतली.

तांबूस, दाट आमटी. नारळाचा वास, कोकमाचा आंबटपणा, आणि त्यात वाटाण्याएवढे, वाकडे, चिवट असे काहीतरी तुकडे. नाना खाली मान घालून जेवत होते. आमच्या चौदा वर्षांच्या सहवासात मी त्यांना प्रश्न न विचारता एवढा वेळ बसलेलं पाहिलं नव्हतं.

ताट संपलं. कँटीनवाला रिकामी भांडी गोळा करत आला.

"आनखी आमटी आना," नाना म्हणाले.

त्यानं आणली. नानांनी एक वाकडा तुकडा बोटांत धरून मावळत्या उजेडात उलटासुलटा करून पाहिला. "हे काय हाय?"

कँटीनवाल्यानं तोंड उघडलं. "ते काय, ते आमचे..."

नानांनी डावा हात वर केला.

"राहू द्या. चौकशी बंद!"

आणि तुकडा तोंडात टाकला. त्यानंतर आमटी आणखी दोनदा आली. रात्री थंडीतही आमच्या तिघांत नाना सर्वांत आधी घोरायला लागले.

* * *

सकाळी बोट पणजीला लागली. धक्क्यावर मनोहर उभा होता. स्वच्छ पायजमा, भांग नीट, हातात डबा. त्यानं वाकून नानांना नमस्कार केला आणि म्हणाला, "बोटीवर तुमचे खायचे हाल झाले असतीन. म्हनून भाकरी आन् पिठलं करून आनलं, स्टोववर. मीच केलं."

गुलाबराव मला कोपरानं ढोसून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय बे!"

पण नानांनी चुरगळलेल्या सदऱ्याच्या खिशातून फुलस्केप काढला होता. ट्रंकेवर बसूनच त्यांनी पहिला प्रश्न वाचला.

"मासे खातो काय?"

मनोहरचा चेहरा पडला. त्यानं गुलाबरावांकडे पाहिलं. गुलाबरावांनी डोळ्यांनी 'नाही म्हण' असं स्पष्ट सांगितलं. पोरानं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"नाना, खोटं नाही सांगत. खोलीवर भाकरीच करतो. पन बोटीनं येनं-जानं झालं की तिथल्या कँटीनात ते आमटी देतात. सुकवलेल्या कोळंबीची. सोडे म्हनतात त्याले इकडं. नारळ-कोकम घालून. ते मी खातो. दोन-दोन डाव मागून घेतो."

धक्क्यावर हमाल ओरडत होते. मी पायांकडे पाहत होतो. गुलाबराव आकाशाकडे.

"तांबूस असते?" नानांनी विचारलं.

"हाव."

"वाकडे-वाकडे तुकडे?"

"हाव, तेच सोडे."

नानांनी मागं वळून बोटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला, आणि पहिल्या प्रश्नासमोरच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'निरंक'.

मग कागद माझ्यापुढं धरला.

"वामनराव, तुमी साक्षीदार. करा सही."

मी केली.