पिशोरचा जन्मदाखला

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं माझ्या मुलाची जन्मनोंद पिशोरची. माझा भाऊ ग्रामपंचायतीत नोंद करून आला तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून रजिस्टरात नुसतंच 'मुलगा'. इतकी वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो कॅनडाला गेला. मग एक दिवस तिकडून त्याचा फोन आला, "आई, नावासकट जन्मदाखला लागतोय. व्हिसा थोडा वाढवायचाय, मग येतोच. तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

एवढं गोड बोलल्यावर मी कशाला घरी बसते! उन्हातान्हात पिशोरला हेलपाटे मारले. ग्रामसेवक कधी जागेवर, कधी तालुक्याला. प्रतिज्ञापत्र केलं, भावाला साक्षीला उभं केलं. ग्रामसेवकानं विचारलं, "मावशी, एवढ्या वर्षांनी नाव टाकायची घाई काय?" मी तोऱ्यात सांगितलं, "दिवाळीत लग्न करायचंय त्याचं." पाचोडचं एक स्थळ मी थांबवून ठेवलं होतं. मुलगी लई गुणाची, माणसं साधी. मुलगा परत येणार, इथंच राहणार, असा शब्द मी त्यांना दिला होता. पोरानंच तसं सांगितलं होतं मला.

दाखला मिळाला तसा शहरात गुलमंडीच्या बाजारात नेला, इंग्रजी करून घ्यायला. भाषांतर करणाऱ्यानं विचारलं, कशासाठी पाहिजे? मी पोराला फोन लावून दिला, म्हटलं त्यालाच विचारा. दोघं बोलले. फोन परत देताना तो म्हणाला, "चांगलं झालं ताई, पोरगं आता कायमचं तिकडंच राहणार. त्याचाच अर्ज भरतोय." जे मला दोन वर्षांत सांगणं त्याला जमलं नाही, ते परक्या माणसाला सांगताना त्याची जीभ अडखळली नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं वर काढेनात.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू पिशोरला गेली असतीस का?"

नसते गेले. पण म्हणून बापलेकांनी मिळून मला असं वापरायचं? अंगाची नुसती लाही लाही झाली.

दाखला मी अडवला नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पाठवून दिला. अडवून काय करणार, तो थोडाच मागं येणार होता! पण ह्यांच्या हातात फोन दिला. म्हटलं, पाचोडला लावा, आवाज मोठा ठेवा आणि माझ्यासमोर बोला. हे आढेवेढे घ्यायला लागले, पण मी दारातून हलले नाही. शेवटी बोलले, "मुलगा काही परत यायचा नाही. तुम्ही दुसरीकडं बघा."

 पलीकडून मुलीचे वडील हळूच म्हणाले, "असं व्हय. मग वहिनींनी शब्द कसा काय दिला?"

'हिला काही माहीत नव्हतं', एवढंच सांगायचं होतं ह्यांनी. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत उभी होते. ह्यांनी "बरं, ठेवतो" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.