तीन शाखांची पाहणी

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी इंजिनियरिंगच्या शाळेचा अर्ज आणला, तेव्हा माझ्या कानांजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि थोरली मुलगी तिसरीत होती. मॅट्रिकही दोनच वर्षांपूर्वी झालो होतो, रिसोडच्या कापसाच्या जिनात इंजिन चालवता चालवता. सरकारला तेव्हा एकाएकी माणसं कमी पडायला लागली होती. धरणं, सडका, विजेचे खांब, सगळंच एकदम उभं करायचं ठरलं होतं. म्हणून नोकरीतल्या माणसांना त्या एका वर्षापुरती वयाची सूट मिळाली. अर्जात एक चौकट होती, शाखेची. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांपैकी एकच लिहायची, आणि एकदा लिहिली की बदल नाही.

मला काय लिहायचं ते पक्कं माहीत होतं. कापसाचे दहा हंगाम मी त्या तेलावरच्या इंजिनापाशी काढले होते. पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, की आतलं दुखणं ऐकू यायचं. कुठे दुखतं ते मला कळे. का दुखतं ते दहा वर्षांत कळलं नाही. ते कळावं म्हणून मी निम्म्या वयाच्या पोरांसोबत बीजगणित घोकलं होतं. बायकोने तीन वर्षं शेत आणि लेकरं सांभाळायची तयारी दाखवली होती. आता फक्त एक शब्द लिहायचा होता. मी घरात सांगितलं, एक अर्ज आलाय, तुम्ही जरा बघा.

आमच्या घरात हे म्हणण्याची सोय नव्हती. बैल घ्यायचा असो की विहीर खणायची असो, आमच्याकडे प्रत्येक गोष्ट मुलीचं स्थळ पाहतात तशी पाहिली जाई. दुसऱ्याच दिवशी ओसरीवर सतरंजी पडली, सुपारी फिरली, जवळच्याच मालेगावहून सासरे आले. काकांनी अर्ज उलटा धरून नीट पाहिला आणि तीन शाखांची तीन घराणी मानून चौकशी सुरू केली. वडील कोपऱ्यात अंबाडीचा दोर वळत बसले होते. ते बैठकीत कधीच बोलत नसत.

इलेक्ट्रिकलचा निकाल सासऱ्यांनी लावला. गावात तार आलेली नाही, खांब आलेला नाही. ज्या घराण्याला कोणी पाहिलं नाही तिथे सोयरीक कशी करायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. मेकॅनिकलची पाळी आली तेव्हा काकांनी माझे हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवले. नखांत दहा वर्षांचं काळं तेल होतं.

"हे त घरातच हाय," काका म्हणाले. "यासाठी तीन वर्सं कायले शिकतं?"

उरली सिव्हिल. ती शिकून सडका-पुलांवर देखरेख करणारा ओव्हरसियर होतात, आणि तसा एक काकांनी एकदा लांबून पाहिला होता. त्याच्या डोक्यावर हॅट होती आणि ठेकेदार त्याला बशीत चहा ओतून देत होता. घराणं तोलामोलाचं वाटलं. पण पाहिल्याशिवाय होकार द्यायचा नसतो, म्हणून मालेगावच्या सडकेवर नाल्यावर पूल चालला होता, तिकडे बैलांची रेंगी जुंपली. काका आणि सासरे पुढे बसले, मी मागे. पाहणीत नवरदेवाने तोंड उघडायचं नाही हे मला रस्त्यात दोनदा बजावण्यात आलं.

पुलापाशी छत्रीखाली खुर्ची होती. खुर्चीत पांढरं धोतर, काळा कोट, टोपी आणि साखळीचं घड्याळ असा एक गृहस्थ बसला होता. काका एकदम खूष झाले. त्यांनी रीतसर विचारपूस केली: गाव कोणतं, भाऊ किती, शेती किती, घरी दुभतं आहे का. गृहस्थाने मोठ्या दिमाखात सगळी उत्तरं दिली आणि चहा मागवला. खाली पायाच्या खड्ड्यात एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून टेप धरत होता. ऊन रणरणत होतं. सासऱ्यांनी त्याला हाक मारली, "अबे, जरा पानी आन प्याले."

तो माणूस वर आला. त्याने हात धुतले, मडक्यातून तांब्या भरला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. खुर्चीतला गृहस्थ ताडकन उभा राहिला आणि साहेब, साहेब करत पंच्याने खुर्ची पुसू लागला. तो ठेकेदाराचा मुनीम होता. ओव्हरसियर चिखलातला होता.

सासऱ्यांना ते पाणी पिता येईना आणि खाली ठेवताही येईना. साहेबाने शांतपणे विचारलं, काय काम काढलंत? मीच सगळं सांगितलं. मी काय करतो, हे त्याने विचारलं. मी म्हणालो, दहा वर्षं इंजिन.

"मग इथे काय बघायला आलात?"

तो पुन्हा खड्ड्यात उतरला.

परतीच्या वाटेवर सिव्हिल मोडली. ज्या घराण्यात साहेब चिखलात आणि मुनीम खुर्चीत, ते घराणं काकांना नको होतं. मुनीम होण्यासाठी सरकारची एखादी शाळा आहे का, याची चौकशी करायचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. अर्ज पोचवायला तीन दिवस उरले होते.

ही गोष्ट मी पुढे अनेक ठिकाणी सांगितली आणि लोकांना पोट धरून हसायला लावलं. त्यानंतरचं कधी सांगितलं नाही.

अर्ज पोरांसाठी छापलेला, म्हणून खाली पालकाच्या सहीला जागा होती. पांढऱ्या केसांचा मी वडिलांसमोर तो कागद घेऊन बसलो. त्यांच्या अंगठ्याला शाई लावली. त्यांनी विचारलं, वर काय लिहिलंस? मी म्हणालो, अजून काही नाही, काका विचार करून सांगणार आहेत. त्यांनी अंगठा जोरात दाबला आणि धोतराला पुसला.

"मले वाचता येत नाही," ते म्हणाले. "तू काय लिवशीन ते लिव. भावाले मी पाह्यतो. पन तू कोनाची वाट पाहून राह्यला?"

मला राग आला, आणि लाज वाटली. काका न् सासरे अडाणी खरे, पण माझ्यासाठी कामाचा दिवस मोडून उन्हात गेले होते. आणि मी? उद्या फसलो तर बोट दाखवायला कोणीतरी असावं, म्हणून मी ती सतरंजी पडू दिली होती. मेकॅनिकल हा शब्द मी त्यांच्यापैकी एकापाशीही बोललो नव्हतो. त्यांनी मला अडवलं असंही नाही, मी विचारलंच नव्हतं.

मी दौत जवळ ओढली आणि लिहिलं. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. वडील त्या ओल्या शाईकडे बघत उभे होते. काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही. मीच मोठ्याने वाचून दाखवलं.