नुसतं नाव

शिरवळच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला इंडोनेशियाहून एक तंत्रज्ञ आला होता. त्याची भाषा मी फोनवर थोडीफार शिकलो होतो. पहिल्याच दिवशी रुबाबात विचारलं, "सियापा नामा आंदा?" म्हणजे, आपलं नाव काय? त्यानं एक शब्द सांगितला. पुढचं? तो हसला. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही, जन्मापासून एवढंच. त्यांच्याकडे अशी पुष्कळ माणसं असतात म्हणे. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

खोली त्यालाही हवी होती, मलाही. मी रोज कराडहून ये-जा करायचो. लेक उठायच्या आधी निघायचो आणि ती झोपल्यावर पोचायचो. एका घरातली वरची आणि खालची, दोन्ही खोल्या रिकाम्या असल्याचं कळलं. मालकांनी कौतुकानं उघडून दाखवल्या. खालच्या खोलीत पाळणा कुठे टांगायचा, तेही मी ठरवून टाकलं.

मग नावं. त्याचं मीच सांगितलं.

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"आसंल बाबा, परदेशी मानूस," म्हणत त्यांनी वरची किल्ली त्याच्या हातात दिली. "आन तुमचं?"

मी नाव सांगितलं.

"आवं, आडनाव?"

आमचं आडनाव गावाच्या नावापुढे 'कर' लावलेलं. त्यावरून कुणाला काही उमगत नाही.

"गावात घर कुठल्या अंगाला?"

इकडे हा प्रश्न पत्ता काढायला कुणी विचारत नाही. माझं डोकंच फिरलं.

"बौद्ध आहे मी. सरळ विचारायचं होतं की!"

"छ्या, आमी तसलं काय मानत न्हाई," म्हणत त्यांनी खालच्या खोलीला कुलूप घातलं. "पर आमचं पाव्हणं येणार हायती. ध्यानातच न्हवतं बगा."

असा संताप आला! आणि वर पाणी कधी येतं, गेट कधी बंद होतं, हे त्या तंत्रज्ञाला समजावून सांगायला त्यांना मीच लागलो.

परतताना त्यानं विचारलं, "नाव सांगायला तुला एवढा वेळ का लागला?" उत्तर देण्यापुरती त्याची भाषा मला येत होती. पण आपल्या मुलखाची अब्रू परक्यापुढे कशी काढायची? मी ती झाकली, आणि तसं झाकल्याचाही राग आलाच.

काम संपवून तो गेला. वर दुसरा भाडेकरू आला. मी अजून कराडहूनच ये-जा करतो. रोज त्या घरावरून जातो, खालच्या खोलीला कुलूपच असतं. पाहुणे काही अजून आलेले नाहीत.