रोमच्या सिनेमावर दिगंबरनं लिहिलेलं पान

दिगंबर गेल्याचं मला वाटूरहून बाजाराला आलेल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं. "तुमचे ते मास्तर गेले. कावीळ झाल्ती." एवढं बोलून तो निघून गेला... तीन आठवड्यांनी आमच्या शाळेनं शोकसभा घेतली. हेडमास्तर म्हणाले, "दिगंबरराव मोठे रसिक होते." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. रसिक! याच शाळेनं त्याला एका सिनेमावरच्या अभिप्रायापायी घरी बसवलं होतं.

चार वर्षांपूर्वी जालन्याच्या पत्र्याच्या टॉकीजला प्राचीन रोमचा तो अवाढव्य इंग्रजी सिनेमा आला. मॅट्रिकच्या मुलांना इतिहास कळावा म्हणून शाळेनं त्यांना आणि आम्हा मास्तरांना नेलं, आणि शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी प्रत्येकाकडून अभिप्राय मागितला. मी रथांवर लिहिलं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी महालांच्या खांबांवर. कुणी बादशहा झालेल्या नटाची तारीफ केली. इतिहास शिकवणाऱ्या दिगंबरनं मात्र रिंगणाचा प्रसंग घेतला. खाली सिंह माणसं फाडताहेत आणि वर हजारो लोक बसून पाहताहेत, तो. त्यानं लिहिलं, 'सिंह परके वाटले, पण वर बसलेली माणसं ओळखीची वाटली. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या रहीम शिंप्याला दुकानातून ओढून मारलं, तेव्हा आम्ही माडीवरून पाहत होतो. मीही होतो.'

ते खरं होतं. त्याच माडीवर, त्याच्या शेजारी, मीही उभा होतो. पान देण्याआधी दिगंबर माझ्याकडे आला. "खाली तुझी पण सही कर की रे." मी म्हणालो, "माझी पोरं लहान आहेत." त्याची पोरं माझ्या पोरांपेक्षा लहान होती... तो पान घेऊन निघाला.

हेडमास्तरांनी त्याला बोलावलं तेव्हा मी तिथंच वह्या तपासत होतो.

"हे पान बदलून द्या."

"त्यात खोटं काय आहे, सर?"

"खरं-खोटं न्हाई विचारत मी. सिनेमाबद्दल लिहा."

"सिनेमाबद्दलच लिहिलंय."

हेडमास्तरांनी पान फाडलं. पुढच्या सत्रात दिगंबरची गरज उरली नाही. तो बायको-पोरांसकट वाटूरजवळच्या एका लहानशा शाळेत गेला. आमच्यापैकी एकही जण त्याला भेटायला गेला नाही. मीसुद्धा नाही.

आणि आता हे रसिक! शोकसभेत मी दुसऱ्या रांगेत दात आवळून बसलो होतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सुशीलावहिनी, दिगंबरच्या पत्नी, उभ्या राहिल्या.

"रसिक होते ना? मंग त्यांनी काय लिहिलं होतं ते वाचा की."

हेडमास्तर गडबडले. "वहिनी, ही ती जागा न्हाई."

"मंग कुठली?"

वहिनींनी घरी ऐकून पाठ झालेला अख्खा अभिप्राय म्हणून दाखवला. सिंह, माडी, रहीम शिंपी, सगळं. एका ठिकाणीही आवाज कापला नाही. मग दोन्ही मुलांची बोटं धरून त्या बाहेर पडल्या.

मी फाटकापर्यंत मागं धावलो. "वहिनी, हे मी बोलायला पाहिजे होतं..."

"आता राहू द्या, भाऊजी," त्या न थांबता म्हणाल्या. "तुम्हाला लाज वाटावी म्हणून न्हाई बोलले मी. ही पोरं बाप नुसता रसिक होता समजून मोठी झाली असती, म्हणून बोलले."