सात अनोळखी नावं

माझ्या यजमानांना मोटर न्यूरॉनचा आजार झाला. आधी हात गेले, मग पाय, मग वाचा. बुद्धीला मात्र धक्का लागला नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मभर फायलींवर टिपणं लिहिलेला हा माणूस शेवटी डोळ्यांनी लिहायला शिकला. स्क्रीनखाली एक काळी पट्टी बसवली होती, ती त्यांच्या नजरेचा माग काढायची. ते बघतील ते अक्षर उमटायचं आणि वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते वाचून दाखवायचा. आवाज हिंदी होता, त्यामुळे ‘कळलं’चं ‘कललं’ व्हायचं. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आता तोच त्यांचा आवाज होता.

त्या शनिवारी चार वाजता डॉक्टर घरी येणार होते. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून मशीन लावायचं का, ते ठरवायचं होतं. हे आठवडाभर आपलं उत्तर लिहीत होते, मला वाचू देत नव्हते. पण कॉम्प्युटर इतका मंद झाला होता की दोन शब्दांतच ते थकून डोळे मिटून घेत.

सकाळी ते झोपलेले असताना मी कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. केवढी ती यादी! ब्राउझर तेवढा ओळखीचा. बाकी इंग्रजी अक्षरांची नुसती भेंडोळी. आपल्याला न विचारता घरात इतकं काय काय चालतं, या विचारानेच मी घाबरले. व्हायरसच असणार. सात अनोळखी नावं मी बंद केली, पुन्हा आपोआप सुरू होऊ नयेत अशीही व्यवस्था केली आणि कॉम्प्युटर परत चालू केला. झटकन सुरू झाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

हे उठल्यावर मी त्यांची खुर्ची स्क्रीनसमोर नेली. ते बघत राहिले. स्क्रीनवरचा बाण जागचा हलेना. काळ्या पट्टीतला दिवाच लागला नव्हता.

“बिघडलं वाटतं,” मी म्हणाले. सकाळी मी काय केलं ते सांगितलं नाही.

ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्या ऑफिसला शनिवारची सुट्टी. फोन वाजून वाजून बंद पडत होता. मी वायर काढून लावली, पुसली, तीनदा कॉम्प्युटर बंद-चालू केला. ती सात नावं परत चालू करायची भीती वाटत होती; त्यांतला व्हायरस यांचं लिहिलेलंच पुसून टाकेल, असं वाटायचं. बारा वाजले, एक वाजला. देवापुढे जाऊन उभी राहिले, पण काय मागायचं तेच सुचेना. नुसतं हो-नाही त्यांना पापण्यांनी सांगता आलं असतं. पण हे आठवडाभर लिहीत होते ते नुसतं हो-नाही नव्हतं.

शेवटी आजाराच्या सुरुवातीचा अक्षरांचा पुठ्ठा शोधून काढला. मी ओळीवरून बोट फिरवायचं, त्यांनी हव्या त्या अक्षरावर पापणी मिटायची. वीस मिनिटांत दोन शब्द झाले.

‘काय केलंस’.

मी खाली बसले. “अहो, मी सात प्रोग्राम बंद केले. मला वाटलं व्हायरस आहे. तुम्हाला विचारलं नाही, आणि सकाळपासून खोटं बोलतेय.”

त्यांनी डोळे मिटले. पाठवून द्यावं यांनी मला कुठेतरी, असं वाटलं. मग त्यांनी पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहिलं.

‘वाच’.

बंद केलेली नावं यादीत अजून होती. मी एकेक अक्षर फोडून वाचू लागले. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. पाचव्याला त्यांनी पापण्या घट्ट मिटल्या.

“हे चालू करू?”

पुन्हा मिटल्या.

तेवढं एक चालू केलं. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत मी पट्टीकडे बघायचं धाडस केलं नाही. दिवा लागला. बाण थरथरत सरकला. साडेतीन वाजले होते.

“नाव माहीत नसलं तर आधी शोधावं, मग मारावं,” हिंदी आवाज म्हणाला. मी रडता रडता हसले.

डॉक्टर आले, स्टुलावर बसले. यांनी लिहिलेलं ऐकवलं. मशीन नको, हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगितलं होतं. पुढे कारणं होती, शांतपणे, टिपणासारखी क्रमाने. आणि शेवटी लिहिलं होतं की ‘पत्नीला हे पटणार नाही, नकाराच्या कागदावर सही करायची तिच्यावर सक्ती करू नये’. मी मराठी ऐकून डॉक्टरांना हिंदीत सांगत होते. मला मशीन हवं होतं. तरी एक शब्दही बदलला नाही.

“आप ठीक हैं?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“जी,” मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य सांगितलं.